वार ठरवा आणि तो पाळा : वृद्धाश्रमातील भेटींसाठी काही सूचना

सांगली-मिरज परिसरातील वृद्धाश्रमांना भेट देणारी माणसे कमी नाहीत. वाढदिवसाला, स्वातंत्र्यदिनाला, पितृपक्षात आणि दिवाळीच्या तोंडावर तर एकाच दिवशी दोन-तीन मंडळे फळांच्या पिशव्या घेऊन दारात उभी असतात. मात्र आषाढातल्या एखाद्या बुधवारी दुपारी चार वाजता तेथे गेल्यास व्हरांड्यातील बाकावर बसलेली माणसे फाटकाकडे पाहत असतात आणि फाटकातून फक्त दूधवाला आत येतो. त्या बुधवारी जाणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. गेली काही वर्षे दर आठवड्याला एका आश्रमात जाताना जे शिकले, जे चुकले आणि तेथील सेविकांनी जे सुधारून दिले, त्यांपैकी नव्याने सुरुवात करणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढे येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी वार ठरवावा. आठवड्याचा एक वार, दिवसाची एक वेळ आणि शक्यतो एकच माणूस किंवा फार तर एका खोलीतील दोघे-तिघे, एवढ्यावर भेटीचा सारा आधार असतो. भेटीला काय नेले, किती वेळ बसलो, काय बोललो, हे सगळे त्यानंतरचे. आश्रमातील दिवस एकसारखे असतात. न्याहारी, औषध, जेवण, झोप, चहा, दूरदर्शन, जेवण, झोप. त्यात ‘गुरुवारी अमुक येणार’ ही एक गोष्ट ठरलेली असली, की बुधवारला ‘आदला दिवस’ असे नाव मिळते आणि शुक्रवारी सांगण्यासारखे काहीतरी हाती राहते. ज्याला दर आठवड्याला जमणार नाही त्याने पंधरवड्यातून एकदा जावे, पण तो दिवस चुकवू नये. उत्साहाच्या भरात पहिल्या महिन्यात आठ वेळा आणि दुसऱ्या महिन्यात एकदाही नाही, असे होणार असेल तर सुरुवातच करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली एक चूक अजून सलते. मी दर गुरुवारी साडेतीनला एका आजींना भेटायला जात असे. एका गुरुवारी घरी पाहुणे आले म्हणून मी गेले नाही आणि आश्रमात फोन करून कळवावे एवढेही मला सुचले नाही. शुक्रवारी चौकशी केली, तेव्हा तेथील मावशींनी सांगितले, की आजींनी दुपारीच वेणी घालून घेतली होती, चहा आल्यावर माझ्या वाट्याचा कप मागून घेतला होता आणि त्यावर बशी झाकून ठेवली होती. दिवेलागणीला मावशी तो कप उचलायला गेल्या, तर आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, येत्याल.” मावशींनी रात्री बशी काढली तेव्हा साय कपाच्या कडेला चिकटून वाळली होती. तेव्हापासून माझ्या फोनमध्ये आश्रमाचा क्रमांक सर्वांत वर आहे आणि अडचण येताच मी तो लावते. निरोप कार्यालयात देऊन थांबू नये. तो खोलीपर्यंत पोहोचला का, हे अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे.

पहिल्या भेटीआधी

थेट खोलीत जाऊ नये. आधी व्यवस्थापकांना भेटून आपण कोण, का येऊ इच्छितो आणि किती दिवस येऊ शकतो, हे सांगावे. ओळखपत्राची प्रत मागितली तर राग मानू नये. जेथे ती मागतात तेथे आतल्या माणसांची काळजी घेतली जाते, असे समजावे. सगळे आश्रम सारखे नसतात. काही निराधारांसाठी विनामूल्य असतात, काही दरमहा शुल्क घेतात, तर काही ठिकाणी बहुतेक जण अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे तेथील दिवस रुग्णालयासारखा चालतो. त्यानुसार भेटीची वेळ बदलते. जेवणानंतरची झोप, औषधांच्या वेळा आणि स्नानाची वेळ टाळून दुपारच्या चहाची वेळ बहुतेक ठिकाणी सोयीची पडते.

व्यवस्थापकांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : “ज्यांना भेटायला कोणीच येत नाही, असे कोण आहेत?” नवीन माणूस आला की जे बोलके आहेत ते स्वतःच पुढे येतात आणि स्वयंसेवकही त्यांच्याच भोवती बसतात. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाकडे कोणी वळत नाही. ती माणसे कोण, हे कार्यालयापेक्षा रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींना अधिक नेमके ठाऊक असते. त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून आदराने वागावे आणि आपण आल्यामुळे त्यांचे काम वाढणार नाही, याची काळजी घ्यावी.

सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा डोळे आलेले असताना जाऊ नये. आपल्या दोन दिवसांच्या सर्दीने एखाद्या दम्याच्या रुग्णाला दवाखाना गाठावा लागू शकतो. आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवावेत. कोणाला पलंगावरून उठवणे, चाकाच्या खुर्चीत बसवणे किंवा शौचालयात नेणे ही कामे प्रेमापोटीसुद्धा स्वतः करू नयेत. ठिसूळ झालेले हाड लहानशा हिसक्यानेही मोडते. अशा वेळी मावशींना हाक मारावी.

हाक कशी मारावी

सरसकट ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणण्याची आपल्याला सवय असते. पण ज्यांना मूलच झाले नाही, त्या बाईंना प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याने ‘आजी’ म्हणणे गोड वाटतेच असे नाही. आणि ज्यांनी चाळीस वर्षे शाळेत शिकवले त्यांना ‘आजोबा’पेक्षा ‘गुरुजी’ ही हाक अधिक आपली वाटते. “तुम्हाला काय म्हणू?” असे सरळ विचारावे. आमच्या भागात आक्का, आत्या, मामी, तात्या, आण्णा अशी उत्तरे येतात आणि ते सांगतानाच माणूस थोडा खुलतो. संबोधन काहीही असो, ‘अहो-जाहो’ सोडू नये. त्यांनी आपल्याला ‘अगं’, ‘अरे’ म्हणावे. आपण मात्र लहान मुलाशी बोलावे तसे लाडिक सुरात बोलू नये. भरवलेल्या घासाला ‘शहाणं बाळ’ म्हणणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत आणि ऐकणाऱ्याचा चेहराही पाहिला आहे.

प्रत्येक भेटीत आपले नाव स्वतः सांगावे. “मला ओळखलंत का?” हा प्रश्न कधीही विचारू नये, मोतीबिंदू असलेल्या किंवा विसर पडू लागलेल्या माणसाला तो परीक्षेसारखा वाटतो. बसताना खुर्ची ओढून समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, आपल्या तोंडावर उजेड पडेल अशा बाजूला. वयोमानाने कान जातात तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे ‘स’, ‘फ’, ‘ख’ यांसारखी अक्षरे गाळली जातात आणि बोलणे ऐकू येऊनही कळत नाही. ओरडल्याने आवाज अधिकच फाटतो. म्हणून दूरदर्शन संच विनंती करून बंद करावा, कोणत्या कानाने बरे ऐकू येते ते विचारावे आणि खालच्या पट्टीत, सावकाश, वाक्यावाक्याला थांबत बोलावे. कानाचे यंत्र असेल तर ते चालू आहे का आणि त्याची बॅटरी संपलेली नाही ना, हे मावशींना पाहायला सांगावे. महिनोन्महिने बंद यंत्र कानात घालून बसलेली माणसे असतात. पाटी-पेन्सिल जवळ ठेवली तर फारच सोय होते.

काय बोलावे

पहिल्याच भेटीत “मुलं किती? ती का येत नाहीत?” असे विचारले जाते. हा प्रश्न टाळावा. त्यामागे चौकशी असते, सोबत नसते. मुलाबद्दल त्यांना सांगायचे असेल तेव्हा त्या आपणहून सांगतील, कदाचित सहा महिन्यांनी, आणि तेव्हा आपण फक्त ऐकायचे असते. मुलांना नावे ठेवायची नसतात. ज्या मुलावर आपण टीका करू, त्याचीच वाट त्या पाहत असतात.

बोलणे सुरू करण्यासाठी वस्तू, गाव आणि काम यांच्याइतकी चांगली वाट नाही. वाळवा-तासगावकडच्या एका आजोबांनी मला सांगितले, की त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातला, शाळा दक्षिण सातारा जिल्ह्यातली आणि लग्न सांगली जिल्ह्यातले. मात्र गाव एकच आणि घरही एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का कोणत्या वर्षी बदलला, यावर ते अर्धा तास रंगून बोलले. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी, ते कोठे झोपले होते हे विचारून पाहावे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातील बायकांना १९७२ च्या दुष्काळातले खडी फोडण्याचे काम, लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडी (वाटला जाणारा पौष्टिक पिठाचा खाऊ) आठवते. मिरजेच्या माणसाला पंढरपूरला जाणारी छोटी गाडी आठवते. हरिपूरच्या आजींना हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे, विचारावीत. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची असते आणि कंदील सोडून तो विझतो का हे पाहायचे असते, हे सांगताना एका आजींनी दोन्ही हात दोरी सोडल्यासारखे खाली खाली नेले, तेव्हा त्यांच्या खोलीतल्या कधीही न बोलणाऱ्या दुसऱ्या बाई पलंगावरून वाकून खाली पाहू लागल्या.

पावसाळ्यात तर विषय शोधावा लागत नाही. “आयर्विनला पाणी किती फुटांवर आहे?” हा सांगलीतील कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा प्रश्न दारातच येतो. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे त्यांना पाठ असतात आणि २०१९ च्या पुराच्या आठवणीने काही जण खरोखर घाबरलेले असतात. अशा दिवशी आकडा पाहून जावे आणि खरा आकडा सांगावा. ‘काही नाही हो, काळजी करू नका’ एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. पूर ओसरेपर्यंत रस्ते बंद राहिले आणि जाता आले नाही, तर ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी फोन करावा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ही माणसे आयुष्यभर कोणाला तरी काही देत आलेली असतात आणि आश्रमात त्यांच्या वाट्याला फक्त घेणे येते. म्हणून त्यांच्याकडे काहीतरी मागावे. मी एका आक्कांना भडंग कसे करायचे ते विचारले. लसूण सालीसकट ठेचायचा, तेल तापवून उतरवायचे आणि मग तिखट घालायचे, असे त्यांनी सांगितले. पुढच्या आठवड्यात लहान डबीतून मी ते घेऊन गेले. दात नसल्यामुळे त्यांनी चार चुरमुरे जिभेवर धरले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “तिखट करपलंय. आचेवरच घातलंस.” तिसऱ्या खेपेला ते जमले, तोपर्यंत अख्खी खोली या कामात सामील झाली होती. कोणाकडून ओव्या लिहून घ्याव्यात, कोणाकडून नातवंडासाठी टाके शिकावेत, निवृत्त शिक्षकांकडून आपल्या मुलाचे शुद्धलेखन तपासून घ्यावे. यात खोटेपणा नको. जे खरोखर हवे आहे तेच मागावे.

बोलणे होत नसेल तर नाही झाले तरी चालते. शेजारी बसून वाती वळता येतात, मेथी निवडता येते, पावट्याच्या शेंगा सोलता येतात. हात चालू असले की गप्प बसणे जड होत नाही.

ज्यांचे स्मरण गेले आहे

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सुधारण्याचा प्रयत्न करू नये. एक गुरुजी दर वेळी उठून म्हणत, की घंटा होईल, वर्गावर जायचे आहे. नवा स्वयंसेवक त्यांना समजावू लागला, की आपण निवृत्त होऊन तीस वर्षे झाली, शाळा आता नाही. गुरुजी रडकुंडीला आले, कारण त्यांच्या लेखी ती शाळा त्या क्षणी बुडाली होती. “आज कोणता तास आहे, गुरुजी?” असे विचारले असते, तर ते बसून भूगोल शिकवू लागले असते. मेलेल्या आईची वाट पाहणाऱ्या बाईंना आई नाही हे प्रत्येक वेळी सांगणे म्हणजे प्रत्येक वेळी नवे सुतक देणे आहे, “आई कशी होती हो तुमची?” असे म्हणावे. संध्याकाळी अशा माणसांची बेचैनी पुष्कळदा वाढते, म्हणून त्यांच्यासाठी सकाळची वेळ निवडावी. आपण कोण हे त्यांना आठवत नसले तरी ओळखीचा आवाज आणि ओळखीचा स्पर्श कळतो, असा माझा अनुभव आहे. स्पर्श करण्याआधी मात्र हात पुढे करून थांबावे आणि त्यांनी धरला तरच धरू द्यावा.

खाऊ, पैसे आणि छायाचित्रे

खाऊ विचारून न्यावा. मधुमेह आणि रक्तदाब तर सर्वांना माहीत असतात. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना केळेसुद्धा वर्ज्य असू शकते आणि अर्धांगवायू झालेल्यांना पाणीही ठसक्याने श्वासनलिकेत जाऊ शकते. लाडूचा एक तुकडा ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून कोणाच्याही तोंडात घालू नये. पितृपक्षात आश्रमात जेवण देणाऱ्यांना एक विनंती आहे : अन्नदान जरूर करावे, पण ते कोणाच्या श्राद्धाचे आहे याची चर्चा पंगतीत करू नये. जेवणारे स्वतः आपल्या मरणाचा विचार रोज करत असतात.

पैसे देऊ नयेत, घेऊ नयेत, उसने तर नाहीच. बँकेच्या चिठ्ठीवर, मृत्युपत्रावर किंवा कोणत्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नये. अशी गरज असेल तर व्यवस्थापकांना सांगावे. छायाचित्र काढण्याआधी संमती घ्यावी आणि ते समाजमाध्यमांवर टाकूच नये, असे माझे ठाम मत आहे. आपली आई तेथे आहे हे ज्या घरात लपवलेले असते, तेथे आपल्या एका छायाचित्राने काय होईल हे आपल्याला कळत नाही, आणि त्याचा त्रास शेवटी त्या आईलाच होतो.

“मला घरी घेऊन चल” असे कोणी म्हटले तर “हो, नेईन” म्हणू नये आणि “ते शक्य नाही” असे तोडूनही टाकू नये. घर कसे होते, अंगणात काय होते, हे विचारावे. बहुधा त्यांना त्याबद्दलच बोलायचे असते. पाळता येणार नाही असे एकही वचन देऊ नये.

तक्रार कानावर आली तर

विश्वासाने सांगितलेली गोष्ट विश्वासातच ठेवावी. पण जिवाला धोका असेल तेथे हा नियम लागू नाही. अंगावर वरचेवर दिसणारे वळ, कूस न बदलल्यामुळे पाठीवर झालेल्या जखमा, झपाट्याने घटणारे वजन, विशिष्ट माणूस आला की गप्प होणे, या गोष्टी दिसल्या तर तारखेसह वहीत लिहाव्यात आणि आधी व्यवस्थापकांना, नंतर संस्थेच्या विश्वस्तांना सांगाव्यात. तेथे दाद लागली नाही तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी आणि जिल्ह्याचे समाजकल्याण कार्यालय यांच्याकडे जाता येते.

मुलांकडून खर्च मिळत नाही असे कोणी सांगितले, तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याची माहिती द्यावी. ६० वर्षांवरील व्यक्तीला या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. कायद्यात निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. ही माहिती द्यावी आणि थांबावे. पुष्कळ जण ऐकून घेतात आणि म्हणतात, “नको, पोरगं अडचणीत येईल.” तो निर्णय त्यांचा आहे, त्यांना भरीस घालू नये.

शाळा-महाविद्यालयांच्या तुकड्या घेऊन येणाऱ्यांनी एवढेच करावे : चाळीस मुले एका दालनात उभी करून गाणी म्हणायला लावण्याऐवजी दोन-दोन मुलांची एकेक जोडी करावी, प्रत्येक जोडीने एकाच माणसाजवळ बसावे आणि त्याच जोडीने पुढच्या महिन्यात त्याच माणसाकडे परत यावे. मुलांना आधी कानाचे आणि हाक मारण्याचे नियम शिकवावेत. पुरेसे आहे.

निघताना

एकदम उठू नये. दहा मिनिटे आधी सांगावे, म्हणजे राहिलेले बोलणे निघते. खरी गोष्ट पुष्कळदा या दहा मिनिटांतच येते. “येईन पुन्हा” असे मोघम म्हणू नये. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या तारखेभोवती त्यांच्याच हाताने गोल काढून घ्यावा. बदली, परीक्षा किंवा स्वतःचे आजारपण यांमुळे भेटी थांबवाव्या लागणार असतील तर तीन-चार भेटी आधीपासून सांगावे, आपल्या जागी येणाऱ्या व्यक्तीला सोबत नेऊन ओळख करून द्यावी आणि अखेरच्या दिवशी अखेरचा दिवस आहे असे स्पष्ट म्हणावे. घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहाव्यात : काय बोलणे झाले, काय आणायचे कबूल केले, कोणाची तब्येत कशी दिसली. पुढच्या भेटीत “गुडघा आता कसा आहे?” हा प्रश्न त्या वहीतूनच येतो.

आणि एखाद्या गुरुवारी तो पलंग रिकामा असेल. आश्रमाला आधीच सांगून ठेवावे, की असे काही झाले तर फोनवर कळवा, म्हणजे गादी गुंडाळलेली पाहून ते कळण्याची वेळ येणार नाही. त्या आठवड्यात जावेसे वाटत नाही. तरीही ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जावे, कारण शेजारच्या पलंगावरच्या बाईही इतके दिवस तुमचा गुरुवार मोजत आलेल्या असतात. गेलेल्या माणसाचा विषय टाळू नये. नाव घेऊन बोलावे. माझ्या बाबतीत हे घडले, तेव्हा मी आत गेले आणि काय बोलावे ते न सुचून उभी राहिले. शेजारच्या आत्यांनी मावशींना हाक मारून दोन कप चहा सांगितला आणि खुर्चीवरची चादर उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.